विहिरीजवळची बारा झाडे

जळगाव स्थानकावर सकाळी सातला उतरले, तेव्हा फलाटावरच्या माणसांच्या गळ्यात मफलर होते. नऊ वाजता एसटी निघाली तेव्हा त्यांतलेच दोन-तीन मफलर खिडकीच्या गजांना बांधलेले दिसले. शिवरात्र होऊन चार दिवस झाले होते. खानदेशात थंडी अशीच जाते. सकाळी असते, दुपारी नसते, आणि एखाद्या दिवशी सकाळीही नसते.

मला या आठवड्यातला स्वयंपाक पाहायचा होता. हिवाळ्याची भाजी सरत आलेली आणि उन्हाळ्याची अजून आलेली नाही, अशा दिवसांत चुलीवर काय चढते याची नोंद करायची, एवढाच हेतू. आधी फैजपूरकडचे एक गाव, मग धुळे जिल्ह्यात साक्रीचा आठवडे बाजार, आणि परत. शिंदखेडा त्या यादीत नव्हते.

भुसावळच्या पुढे तापी ओलांडली. पात्रात पाणी कमी आणि खडक जास्त होते. नदीपलीकडे केळीच्या बागा सुरू झाल्या त्या फैजपूर येईपर्यंत संपल्या नाहीत. अधूनमधून गव्हाचे वावर होते, ओंब्या पिवळ्या पडू लागलेल्या. हरभरा बहुतेक उपटून झाला होता. उत्तरेला सातपुडा धुरकट दिसत होता.

फैजपूरच्या एका शिक्षिकेच्या ओळखीने मी लीलाधरभाऊंच्या घरी उतरले. घरात ते आणि त्यांची पत्नी कुमुदताई, दोघेच. दोघांचीही पन्नाशी उलटलेली. लीलाधरभाऊंच्या आईला, आक्काला, जाऊन महिना झाला होता. ओसरीवर तिचा फोटो होता, त्याला घातलेला हार वाळलेला. घर दुःखात होते, म्हणून यंदा पाहुणे बोलावले नव्हते. पण वांग्याचा शेवटचा तोडा असतो त्या दिवशी तोडणाऱ्या बायांना आणि शेजाऱ्यांना वावरातच भरीत खाऊ घालायचे, ही या भागाची रीत आहे. ती मोडता येत नाही, असे कुमुदताईंनी सांगितले. मी नेमकी त्या दिवशी पोचले होते.

वावर गावापासून पंधरा मिनिटांवर. वांगी तोडून झाली होती. ही वांगी फिकट हिरवी, पांढुरक्या रेघांची, दोन तळहातांत मावणार नाहीत एवढी असतात. जांभळ्या वांग्याचे भरीत इथे भरीत धरत नाहीत. जमिनीवर पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळलेल्या झाडांचा) थर, त्यावर वांगी, त्यावर पुन्हा पऱ्हाटी. काडी लावली की जाळ माणसाच्या उंचीइतका उठतो आणि काही मिनिटांत बसतो. मग निखाऱ्यात वांगी उलटीसुलटी करायची. साल गरम असतानाच सोलायची. लसूण आणि भाजलेल्या हिरव्या मिरच्या बडगीत (लाकडी खोलगट भांड्यात) आधी ठेचलेल्या असतात. त्यात गर घालून दांड्याने ठेचत राहायचे.

बडगीवर गावातल्या मंजुळाबाई बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे, आवाज खणखणीत.

"तुमच्याकडे मिक्सरात करतात ना ताई?" त्यांनी विचारले.

"काही घरांत करतात."

"मंग ते पोथीतलं जेवन झालं. वाचाचं नि उपाशी झोपाचं."

बाया हसल्या. मंजुळाबाईंनी दांडा माझ्या हातात दिला, चार ठोके मोजले आणि काढून घेतला. "राहू द्या. जेवाले वेळ होईन."

तेलात शेंगदाणे आणि पातीचा कांदा परतून तो भरितावर ओतला. सोबत कळण्याच्या भाकरी (ज्वारी आणि उडीद मीठ घालून एकत्र दळलेल्या पिठाच्या), मुळा, कांदा. केळीच्या पानांवर पंगत बसली. मी दोनदा भरीत घेतले. सवयीने वहीत चव टिपली: धुराचा वास, तिखट, गोडसर, बी जून, दाताखाली येते.

शेवटी कुमुदताई बसल्या. त्यांनी एक घास घेतला आणि तो चावता चावता थांबल्या.

"हे वांगे कोनते?" त्यांनी नवऱ्याला विचारले.

"इहिरीजोळचे. आक्काच्या झाडाचे," लीलाधरभाऊ म्हणाले. "भरताले तेच चांगले, म्हून तेच टाकले जायात (जाळात). कामून?"

"समदे तोडले?"

"समदे."

कुमुदताईंनी घास गिळला. मग हात पानाबाहेर ठेवला.

पंगत उठेपर्यंत त्या पानावरच बसून राहिल्या. नंतर विहिरीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. तिथे आता दिसण्यासारखे काही उरले नव्हते. तोडा संपला म्हणून सकाळीच ठेलाऱ्यांच्या (मेंढपाळांच्या) मेंढ्या वावरात सोडल्या होत्या, आणि मेंढ्यांनी विहिरीजवळूनच सुरुवात केली होती. जमिनीतून वीतभर खुंट वर आलेले होते. मी मोजले, बारा होते.

घडले ते असे. लीलाधरभाऊ बाजारासाठी रोपवाटिकेतले वांगे लावत. घरचे वांगे आक्का लावी, विहिरीजवळ, दरवर्षी बाराच झाडे. त्याचे बी तिच्या सासूकडून आलेले. थंडी भरात असताना आक्का झाडे निरखून तीन वांगी निवडी आणि त्यांच्या देठांना स्वतःच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या बांधी. चिंधीच्या वांग्याला कोणी हात लावायचा नाही. ते पिवळे, मग तपकिरी होईपर्यंत झाडावर राही. यंदाही तिने तीन चिंध्या बांधल्या आणि आठ दिवसांनी ती गेली. तेराव्याला मंजुळाबाईंनी कुमुदताईंना बजावले की मेल्या माणसाचे कापड वावरात ठेवू नये. कुमुदताईंनी त्याच दिवशी चिंध्या सोडल्या. आपल्या साडीची पट्टी फाडून बांधायची, असे मनात होते. घरात पाहुणे होते. पट्टी राहून गेली. चिंधी काढलेले वांगे इतर वांग्यांसारखेच हिरवे दिसते.

"मागच्या वर्षीचं बी असेल ना थोडं?" मी विचारले.

"समदं लावलं. आक्का मने, बी घरात म्हातारं होऊ देऊ नये."

घरी गेल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघराची भिंत दाखवली. आक्का बी धुऊन चुलीच्या राखेत कालवी आणि त्याची वडी या भिंतीवर थापून ठेवी; राखेमुळे किडा लागत नसे. रोहिणी नक्षत्र लागले की वडी खरवडून रोप टाकायचे. मागच्या वर्षीच्या वडीच्या जागी भाकरीएवढा फिकट गोल होता. त्यावर चार बोटांचे ठसे अजून दिसत होते.

मंजुळाबाई संध्याकाळी आल्या, उंबऱ्यातच बसल्या. "म्याच सांगतलं व्हतं," त्या म्हणाल्या. कुमुदताईंनी कप पुढे केला. चहा घेतला आणि त्या गेल्या.

सकाळी निघताना कुमुदताईंनी मला बाजूला घेतले. त्यांची नणंद विमल शिंदखेड्याच्या पुढे एका गावात दिलेली. लग्नात आक्काने तिच्या पदरात हेच बी बांधले होते. तीस वर्षे झाली. अजून लावते की नाही, माहीत नाही. फोन करता येत नव्हता. आक्का गेली त्या दिवशी विमलची बस वाटेत बंद पडली. दिवस मावळायच्या आत उरकावे, असे जाणत्यांनी सांगितले आणि लीलाधरभाऊंनी ऐकले. विमल पोचली तेव्हा लोक नदीवरून परतत होते. तिने भावाच्या घरचे पाणी घेतले नाही. त्याच पावली परत फिरली.

"तुम्ही तिकडे जाताच आहात," कुमुदताई म्हणाल्या. "बी आहे का, एवढं इचारा फक्त. यायनं (लीलाधरभाऊंनी) धाडलं असं सांगू नका. त्याईले माहीत नाई, कळू भी देऊ नका." त्यांनी पिठाच्या डब्यामागून एक लाल चिंधी काढून माझ्या हातात दिली. तिन्ही चिंध्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. मेल्या माणसाचे कापड टाकायचे, हे त्यांना जमले नव्हते.

मी निरोप पोचवण्याचे कबूल केले. त्यापलीकडे काही नाही.

जळगावहून धुळे, धुळ्याहून साक्री. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोरडवाहू रान, ज्वारीची धसकटे, मध्ये पळसाची लालभडक झाडे. साक्रीच्या बाजारात डोंगराकडच्या गावांतल्या बाया फाटक्या साड्यांवर माल मांडून बसल्या होत्या: शेवग्याची फुले, चिंचेचा कोवळा पाला, सुपारीएवढ्या कैऱ्या, वाळवलेली बोरे. मोहाच्या फुलांना अजून पंधरा-वीस दिवस होते. एका खानावळीत शेवग्याच्या फुलांची भाजी खाल्ली. फुले उकळत्या पाण्यातून काढून, पिळून, कांद्यावर परततात आणि वरून बेसन भुरभुरतात. थोडा कडवटपणा राहतो. तो राहायला हवा, असे खानावळीच्या मालकीणबाई म्हणाल्या. हिवाळ्यात खाल्लेले गोड त्याने उतरते.

बाजारात एका विक्रेत्याकडे हिरवी वांगी दिसली. आकार तसाच, रेघाही तशाच.

"हे भरताचं घरचं वांगं आहे का?"

"घरनंच शे," (घरचेच आहे) तो म्हणाला. "माल्हे घर नही का?"

"बी कुठलं?"

"दुकाननं. ताई, तुम्हले वांगं खावानं शे का त्यानी सोयरीक जमाडानी शे?"

शेजारची बाई पदर तोंडाला लावून हसली. मी वांगे न घेता पुढे गेले.

दोंडाईचामार्गे शिंदखेडा गाठले. तिथून जीप मिळाली. ती विमलताईंच्या गावाच्या तीन किलोमीटर अलीकडे फाट्यावर थांबली आणि पुढे जाणार नाही, असे चालकाने सांगितले. पुढचा रस्ता पायी. ऊन दुपारचे होते आणि माझ्या अंगात सकाळचा स्वेटर होता. तो काढून पिशवीत ठेवला. पुन्हा बाहेर काढावा लागला नाही.

विमलताई अंगणात हरभरा झोडपत होत्या. त्यांचे यजमान, नाना, बाजेवर बसून घाटे वेचत होते.

"कथाईन उनात?" (कुठून आलात?) विमलताईंनी विचारले.

मी फैजपूरकडून आल्याचे सांगितले. त्यांचा हात थांबला नाही. "पानी ल्या," एवढेच म्हणाल्या आणि आत गेल्या.

"तुम्ही पेपरवाल्या का?" नानांनी वहीकडे पाहून विचारले. "मंग आगोदर आमना रस्ताना फोटो काढा. चालत उनात ना? बठ्ठा (सगळा) गाव असाच चालस."

मला जेवायला बसवले. बोलणे जेवल्यावर, हा इथला शिष्टाचार. घोळाणा होता: हरभऱ्याचा कोवळा शेंडा, पातीचा कांदा, मेथी, सगळे कच्चे चिरून, त्यात दाण्याचे कूट आणि कच्चे तेल. हरभऱ्याचा पाला आंबट लागतो. हा यंदाचा शेवटचा घोळाणा, विमलताई म्हणाल्या. उशिरा पेरलेल्या चार ओळींचा पाला होता. ताटात कळण्याची भाकरी होती. ती त्यांनी कडेने दुमडून, चौघडी करून वाढली. कुमुदताईंनीही तशीच वाढली होती. शिंदखेड्यात मी नंतर पाहिले. तिथे भाकरी अख्खी वाढतात.

जेवण झाल्यावर मी चिंधी त्यांच्यापुढे ठेवली आणि घडलेले सांगितले. चिंध्या का सोडल्या, वांगी कोणी तोडली, मेंढ्या, भिंतीवरचा गोल. मी स्वतः दोनदा भरीत घेतले, हेही सांगितले.

विमलताईंनी चिंधी उचलली नाही. बोटाने नुसती सरळ केली.

"मना मायना लुगडानं शे हाई," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माय गयी तवय कोनले मनी याद नही उनी. आते बी सरनं, तवय याद उनी." (आई गेली तेव्हा कोणाला माझी आठवण झाली नाही. आता बी संपले, तेव्हा झाली.)

नाना घसा खाकरून म्हणाले, "तुन्या भावजयीनं काय चुकनं?"

"तुम्ही घाटा येचा."

नाना घाटे वेचू लागले.

मला त्या रात्री मुक्कामाला ठेवून घेतले. परतीची जीप सकाळीच होती. बियाबद्दल पुन्हा कोणी बोलले नाही. मीही विचारले नाही. चिंधी जेवणाच्या जागी तशीच पडून होती.

सकाळी उजाडल्यावर पाणी घ्यायला न्हाणीकडे गेले. न्हाणीचे सांडपाणी जिथे जिरते तिथे तीन झाडे उभी होती. फिकट हिरवी, रेघांची वांगी. एक वांगे जमिनीला टेकले होते, देठाकडून पिवळे पडत चाललेले. त्याच्या देठाला लाल चिंधी बांधलेली होती. गाठ ताजी होती.

विमलताई चुलीपाशी होत्या. मी काही बोलायच्या आत त्याच बोलल्या, आणि या वेळी फैजपूरकडच्या बोलीत. तीस वर्षांनी ती अडखळत येत होती.

"झाडावर पिकू द्या लागीन. मंग वयचनीले टांगीन. आखाजीलोक वायते." (झाडावर पिकू द्यावे लागेल. मग वळचणीला टांगीन. आखाजीपर्यंत वाळते.)

"मग टपालानं पाठवाल? की मी कोणाला—"

"बी पुडीमा बांधीसन धाडतस नही," त्या पुन्हा इथल्या बोलीवर आल्या. "बीना संगे मानूस जास. मी लगीन व्हयीसन उनू, तवय बी मना संगे उनं." (बी पुडीत बांधून धाडत नाहीत. बियासोबत माणूस जातो. मी लग्न होऊन आले, तेव्हा बी माझ्यासोबत आले.) त्यांनी चुलीतले लाकूड मागे ओढले. "लीलाधरले सांगजा. आखाजीले मुराळी बनीसन ये. मंग मी भी इसू, बी भी ई." (मग मीही येईन, बीही येईल.)

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात त्या सणाला लेकी माहेरी जातात, आणि त्यांना न्यायला माहेरून जो येतो त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर लेक जात नाही, मग घर दोन गल्ल्या पलीकडे का असेना. त्याच दिवशी घरोघर पितरांसाठी पाण्याची घागर भरतात. या वर्षी लीलाधरभाऊंच्या घरची घागर आक्काची असणार होती.

निरोप कुमुदताईंचा होता. उत्तर लीलाधरभाऊंसाठी होते. ते पोचवायचे तर कुमुदताईंनी दिलेली अट मोडत होती. शिंदखेड्याहून जळगावपर्यंत पॅसेंजरमध्ये मी याचाच विचार केला. गाडीत उन्हाळ्याची सुरुवात झालेली होती; अमळनेरला काकड्या घेऊन एक बाई चढली आणि धरणगाव यायच्या आत तिची पाटी रिकामी झाली.

फैजपूरकडच्या त्या गावी पोचले तेव्हा लीलाधरभाऊ वावरात ट्रॅक्टरवाल्याबरोबर उभे होते. कुमुदताईंना मी आधी भेटले. त्यांनी ऐकून घेतले.

"मंग त्याईलेच सांगा," त्या म्हणाल्या. "मी भी येते."

आम्ही दोघी वावरात गेलो. मी विमलताईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले, आधी त्यांच्या बोलीत, मग पुन्हा एकदा मराठीत. लीलाधरभाऊंनी बायकोकडे पाहिले नाही. माझ्याकडेही नाही. ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करून उभा राहिला.

"दिवस मावयत व्हता," ते म्हणाले. "समदे मने, उरका. मी एक घंटा थांबू शकत व्हतो."

मग ते माझ्याकडे वळले.

"वांगं पाह्यलं तुमी? सोताच्या डोयानं?"

"पाहिलं. एक आहे. पिवळं पडतंय."

"शिंदखेड्याले पॅसेंजर किती वाजता जाते?"

मी वेळ सांगितली. त्यांनी मान हलवली आणि ट्रॅक्टरवाल्याला हाताने दाखवले: तिथून इथपर्यंत नांगर, विहिरीजवळचे सोड. ट्रॅक्टर फिरला. बारा खुंटांचा तुकडा तसाच राहिला.

त्या संध्याकाळच्या गाडीने मी परतले. वहीत आठ दिवसांच्या पाककृती होत्या: भरीत, शेवग्याची फुले, घोळाणा, कळण्याचे प्रमाण. भरिताच्या पानावर मी लिहिले होते, 'बी जून, दाताखाली येते.' ते वाक्य दोष म्हणून लिहिले होते. खोडले नाही, नोंद बरोबर होती. फक्त त्या घासाला मी चव समजले होते. कुमुदताईंनी तोच घास घेतला आणि त्यांना काय संपले ते कळले. ऋतूतले शेवटचे काही खाताना आपण पुढच्या वर्षाला गृहीत धरतो. ते वर्ष कोणीतरी चिंधी बांधून वेगळे ठेवलेले असते.

आखाजीच्या तिसऱ्या दिवशी कुमुदताईंचा फोन आला. घागर भरली, सांजोऱ्या झाल्या, आमरस झाला, असे क्रमाने सांगितले. मागे बायकांचे बोलणे ऐकू येत होते.

"आणि बी?"

"धुतलं, राखीत कालवलं, भिंतीवर थापलं. जुन्या जागीच." मग म्हणाल्या, "दोघींनं मिळून थापलं ताई. आता बोटं कोनाचे कोनते, ओयखू येत नाई."